कातडं कुणाचं, जोडा कुणाचा

माझा भाचा वेल्डर आहे. नांदेडला आयटीआय केलं, दोन हंगाम साखर कारखान्याच्या दुरुस्तीवर राबला, आणि २०१९ साली एका एजंटाच्या हातावर पैसे ठेवून नायजेरियाला गेला. बहिणीनं गळ्यातलं मोडलं तेव्हा ते पैसे झाले. लागोस शहराच्या पुढं लेक्की म्हणून जागा आहे. तिथं समुद्रातली वाळू उपसून दलदल भरली होती आणि तिच्यावर आफ्रिकेतली सगळ्यात मोठी तेल रिफायनरी उभी राहत होती. पोरगं दोन वर्षं पाइप जोडत राहिलं. परत आलं तेव्हा घरावर स्लॅब पडला.

त्या स्लॅबवरच एका रात्री बसलो होतो. तो म्हणाला, "मामा, तिथल्या काळ्या पोरायनं मला दोन वर्सात जात इचारली नाही. इचारली ती आपल्याच मानसायनं. मेसमधी, ताट हातात घेतलं की, आडनाव काय म्हणून."

मी म्हणालो, यात नवीन काय?

"नवीन काही नाही. पन ती काळी पोरं येगळंच इचारायची. म्हनायची, आमच्या देशात वेल्डर नाहीत का? तुला इतक्या लांबून कशाला आनलं? मला काय जवाब देता आला नाही."

मलाही आला नाही. दोस्तांनो, मी अभ्यासवर्ग घेतो, शोषण-शोषक फळ्यावर लिहितो, आणि घरच्या पोराच्या एका प्रश्नानं माझी दातखीळ बसली. म्हणून मग शोधत गेलो, वाचत गेलो. जे सापडलं ते तुमच्यापुढं ठेवतो. उत्तर तयार करून आणलेलं नाही.

आधी हकीकत. नायजेरियात तेल सापडलं १९५६ साली, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात, ओलोइबिरी नावाच्या गावी. साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपण नागपूरला होतो. त्याच वर्षी तिकडच्या पूर्व भागात 'ओसू' प्रथा कायद्यानं बंद झाली. ओसू म्हणजे इग्बो समाजातले देवाला वाहिलेल्यांचे वंशज. त्यांच्याशी सोयरीक नाही, उठबस नाही. कायद्यानं बंद म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ज्या भाच्याला तिथं कुणी जात विचारली नाही, त्या देशालाही स्वतःचा महारवाडा होता, एवढं ध्यानात असू द्या. काळ्यांच्या लढ्यावरून आपल्या पॅंथरनं नाव घेतलं म्हणून सगळे काळे एका रांगेत बसवायचे नसतात.

१९५८ पासून तेल जहाजात भरून बाहेर जायला लागलं. शेल-बीपीनं विहिरी खणल्या. देशाला १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळालं, ओलोइबिरीच्या विहिरी सत्तरच्या दशकात आटल्या, गावाच्या वाट्याला काय आलं ते तिथं जाणारे लोक आजही लिहितात : धड पाणी नाही, धड वीज नाही. कंपनी पुढच्या विहिरीकडं गेली.

पण खरी थट्टा पुढंच आहे. आफ्रिकेत सगळ्यात जास्त तेल काढणाऱ्या देशांत हा देश गणला जातो, आणि तिथले लोक पेट्रोलसाठी रात्र-रात्र रांगेत उभे राहिले. कारण कच्चं तेल विकायचं आणि पेट्रोल विकत आणायचं, असा धंदा. सरकारच्या चार रिफायनऱ्या होत्या : पोर्ट हारकोर्टला दोन (१९६५ आणि १९८९), वारीला १९७८, कदूनाला १९८०. कागदावर चौघींची मिळून दिवसाला ४ लाख ४५ हजार बॅरलची ताकद. प्रत्यक्षात त्या वर्षानुवर्षं बंद किंवा बंदच्या बरोबर. पगार चालू, बॉयलर थंड.

हे वाचताना मला माझा आजा दिसला. आमच्या गावात ढोर मेलं की ओढून आजा न्यायचा. कातडं सोलायचा. ते कातडं पाच-दहा आण्यांत व्यापाऱ्याकडं. आणि तेच कातडं पक्कं होऊन, जोडा होऊन, पाटलाच्या पायात. आजाच्या पायात काय? भेगा. ज्यानं कातडं काढलं त्याला जोडा घालून गावातून जायची बंदी. नायजेरियाचं तेल म्हणजे मला आधी हेच वाटलं. कातडं आमचं, जोडा तुमचा. मग एखाद्या देशानं म्हटलं की आता जोडाही आम्हीच शिवणार, तर त्यात वाईट काय? मी तर म्हणेन, उशीर झाला.

पण उपमा लंगडते. तेवढंही कबूल करावं लागतं, नाहीतर आपण भाषणबाजच राहू. कातड्यात किंमत चढते ती कमावण्यात आणि शिवण्यात. तेलात तसं नाही. पेट्रोलच्या किमतीतला मोठा हिस्सा कच्च्या तेलाचाच असतो. भट्टीत तापवायचं, उंच मनोऱ्यात चढवायचं, हलकं वरच्या थरातून काढायचं, जड खालून, या कामावर बॅरलमागं सुटणारा नफा बारीक असतो, आणि तोही बाजाराच्या लहरीवर. काही वर्षी सुटतच नाही. (मनोऱ्याचं चित्र मी एका पुस्तकात पाहिलं आणि हसू आलं. वर गॅस, मग पेट्रोल, मग रॉकेल, डिझेल, आणि तळाला डांबर. उतरंडच. पण त्यांच्यात जड तेलाला फोडून हलकं करायचं यंत्र तरी आहे. आपल्या उतरंडीत तेही नव्हतं.) म्हणून रिफायनरी बांधली की देश श्रीमंत होईल, असं जो सांगतो तो अर्धवट सांगतो. परकी चलन वाचेल, तुटवडा कमी होईल, काही हातांना काम लागेल. उरतो तो मान. आमचं तेल आम्ही शुद्ध केलं, हा मान.

आणि मानाचा प्रश्न आला की आपल्याला १५ ऑक्टोबर १९५६ चं नागपूरचं भाषण काढावंच लागतं. मेलेली ढोरं ओढायचं सोडा, असं बाबासाहेब सांगत होते, तेव्हा 'केसरी'त हिशेब छापून आला होता. शिंगं, खुरं, मांस, कातडं यांचं महारांना वर्षाला पाचशे रुपयांचं उत्पन्न, ते बुडेल म्हणून. बाबासाहेबांनी सांगितलं, मग तो फायदा तुम्ही घ्या, ढोरं तुम्ही ओढा, वर पाचशे मी देतो. मान आणि लाभ यांत काय मोठं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपण लाभ सोडून मान घेतलेली माणसं आहोत.

पण तिथंही एक गोष्ट नीट बघा. ढोर ओढायचं ज्यानं सोडलं, मानही त्यालाच मिळाला. नुकसान त्याचं, मान त्याचा. एकाच माणसाच्या खात्यात दोन्ही. नायजेरियात तसं आहे का? नुकसान कुणाच्या खात्यात आणि मान कुणाच्या?

नुकसान बघायचं तर ओगोनींकडं बघा. त्रिभुज प्रदेशातला हा एक छोटा समाज, पाचेक लाखांचा. शेती आणि मासेमारी. त्यांच्या जमिनीखालून तेल निघालं, पाइप त्यांच्या गावातून गेले, फुटले, ओढ्यात तेल आलं. १९६९ च्या कायद्यानं जमिनीखालचं सगळं तेल सरकारचं झालं. स्वातंत्र्याच्या सुमारास तेलाच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा ज्या प्रांतातून ते निघालं त्याला मिळे. तो पुढं छाटत छाटत दीड टक्क्यापर्यंत आणला. १९९९ च्या राज्यघटनेनं किमान तेरा टक्के केला. का छाटला? कारण देशावर ज्यांचं राज्य होतं ते मोठे समाज होते, आणि तेल लहान समाजांच्या जमिनीत होतं. मतांची बेरीज त्यांच्याकडं, तेलाची यांच्याकडं.

केन सारो-विवा हा त्यांच्यातला लेखक. दूरदर्शनवर विनोदी मालिका काढून अख्ख्या देशाला हसवलेला माणूस. १९९० मध्ये त्यांनी ओगोनींचा हक्कनामा पुढं आणला. ४ जानेवारी १९९३ ला तीन लाखांच्या आसपास ओगोनी रस्त्यावर उतरले, म्हणजे निम्म्याहून जास्त समाज. आपला महाडचा मुक्काम आठवा, मग आकड्याचं वजन कळेल. शेलनं त्या वर्षी ओगोनी भागातलं काम गुंडाळलं. १० नोव्हेंबर १९९५ ला सानी अबाचाच्या लष्करी राजवटीनं सारो-विवा आणि त्यांच्या आठ साथीदारांना फासावर दिलं. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं त्या भागाची तपासणी केली. एका गावात माणसं ज्या विहिरींचं पाणी पीत होती त्यात बेंझीन हे विष जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पट निघालं. सगळं साफ करायला पंचवीस ते तीस वर्षं लागतील, असं त्यांनी लिहिलं. शेलनं २०२५ च्या मार्चमध्ये तिथला जमिनीवरचा धंदा विकून टाकला. आणि त्याच वर्षी जूनमध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी फाशी गेलेल्या नऊ जणांना माफी जाहीर केली. माफी! ज्यांनी गुन्हाच केला नाही त्यांना माफी कशाची, असं तिथल्या लोकांनी विचारलं. बरोबरच विचारलं.

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा, आणि इथं मला सगळ्यात जास्त अडचण झाली. बाबासाहेब यंत्राच्या विरोधात कधीच नव्हते. १९१८ सालच्या शेतीच्या तुकड्यांवरच्या निबंधातच त्यांनी उद्योगीकरणाचा उपाय सांगितला. यंत्र माणसाला फुरसत देतं आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, हे त्यांनी गांधीवादाला दिलेलं उत्तर. चरख्याच्या नावानं गळा काढणाऱ्यांत आपण नाही. आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी लिहिलं की कळीचे उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत आणि सरकारनंच चालवावेत. अभ्यासवर्गात मी हे वाक्य शेकडो वेळा ठोकून सांगितलंय.

मग नायजेरियाच्या चार सरकारी रिफायनऱ्यांचं काय करू? सरकारच्याच होत्या ना त्या? २००७ मध्ये जाता जाता ओबासांजो सरकारनं त्यांतली पोर्ट हारकोर्ट आणि कदूना आलिको दांगोटे यांच्या गटाला विकायला काढली. दांगोटे म्हणजे सिमेंटवाला, आफ्रिकेतला सर्वांत श्रीमंत माणूस. कामगार संघटनांनी विरोध केला, संप झाला, पुढच्या सरकारनं सौदा मोडला. आपण तिथं असतो तर आपणही त्याच संपात असतो, घोषणा देत. त्यानंतर काय झालं? गंज चढला. पोर्ट हारकोर्टच्या दुरुस्तीला २०२१ मध्ये दीड अब्ज डॉलर मंजूर झाले, २०२४ च्या नोव्हेंबरात ती सुरू झाल्याचं जाहीर केलं, २०२५ च्या मेमध्ये पुन्हा बंद. मधल्या काळात आयातदारांनी स्वस्त पेट्रोलच्या अनुदानावर हात धुऊन घेतले. २०१२ मध्ये संसदेच्या समितीनं त्यातला घोटाळा उघडा केला, आणि त्या समितीच्या अध्यक्षालाच पुढं २०२१ मध्ये लाच घेतल्याबद्दल शिक्षा झाली. सरकारी भट्टी पेटली तर आयातीचा धंदा बुडणार. मग ती पेटवणार कोण?

आणि तोच दांगोटे. त्यानं लेक्कीला स्वतःची बांधली, वीस अब्ज डॉलरच्या आसपास खर्चून. दिवसाला साडेसहा लाख बॅरल, म्हणजे दहा कोटी लिटरच्या वर. आराखडा-देखरेखीला आपल्याकडची सरकारी कंपनी इंजिनिअर्स इंडिया. गंमत बघा, एका देशाचं सरकार दुसऱ्या देशातल्या भांडवलदाराला रिफायनरी बांधून देतं, आणि त्या देशाच्या सरकारला स्वतःची दुरुस्त करता येत नाही. मे २०२३ ला उद्घाटन, जानेवारी २०२४ ला डिझेल, सप्टेंबर २०२४ ला पेट्रोल. चालली. हे नाकारता येत नाही. सरकारचा त्यात वीस टक्के वाटा ठरला होता, तोही पैसे न भरल्यानं ७.२ वर आला.

एक तरुण कार्यकर्ता मला म्हणाला, "सर, मग राज्य समाजवाद संपला म्हणा की." मी रात्रभर ते पुस्तक परत वाचलं. छोटंसं आहे. आणि लक्षात आलं की आपण त्यातलं एकच कलम पाठ केलंय. त्याच निवेदनात उद्योगाच्या मालकीबरोबर अल्पसंख्याकांची संरक्षणं आहेत. स्वतंत्र मतदारसंघ, कारभारात वाटा, बहुमताच्या जुलमाविरुद्ध दाद. शिवाय राज्य समाजवाद हा राज्यघटनेतच लिहा, म्हणजे आज आलेलं बहुमत उद्या तो मोडणार नाही, असं ते म्हणत होते. दोन्ही एकत्र. कारण बाबासाहेबांना ठाऊक होतं, 'सरकारचं' म्हणजे 'सगळ्यांचं' असं होत नसतं. गावचा आड सरकारी होता म्हणून काय आपल्याला पाणी मिळत होतं? नायजेरियात तेल सरकारचं झालं आणि सरकारात ओगोनी नव्हता. म्हणून मी त्या पोराला म्हणालो, जे तिथं पडलं ते आपलं कलम नव्हे, त्याचं अर्ध. यावर तो गप्प बसला नाही. म्हणाला, "सर, अर्धं कलम चालत नाही तोवर लोकांनी रांगेत उभं राहायचं का?" हा प्रश्न माझ्याकडं अजून तसाच आहे.

त्या रांगांचंही सांगतो. रिफायनरी सुरू झाली की पेट्रोल स्वस्त होणार, असं लोकांना वाटत होतं. २९ मे २०२३ ला नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथविधीच्याच भाषणात अनुदान संपल्याचं सांगितलं. काही दिवसांत १९० नायराच्या आसपासचं पेट्रोल ५०० च्या आसपास गेलं. पुढच्या वर्षी हजारावर. रिफायनरी कच्चं तेल जगाच्या भावानंच घेणार, मग पेट्रोल गावच्या भावानं कसं देणार? सुरुवातीला तर तिला देशातलं तेल पुरेसं मिळेना, म्हणून अमेरिकेतून कच्चं तेल आणावं लागलं.

आणि गरीब काय करतात? ते स्वतःची रिफायनरी काढतात. आपल्या हातभट्टीसारखीच. लोखंडी पिंपात कच्चं तेल, खाली जाळ, वाफ नळीतून पाण्यात थंड करायची, पहिल्या धारेचं पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल. उरलेला गाळ ओढ्यात. पोर्ट हारकोर्ट शहरावर त्या काजळीची राख पडते. २०२२ च्या एप्रिलमध्ये इमो राज्यात अशा एका भट्टीचा भडका उडून शंभरावर माणसं जळाली. १९९८ मध्ये जेसी गावी गळक्या पाइपमधून पेट्रोल भरायला गेलेले हजारच्या आसपास लोक मेले होते. कायद्यानं हे सगळे चोर. आपल्याच शेताखालचं तेल आपल्याच पिंपात उकळणारा चोर. मी हातभट्टीचं समर्थन करत नाही, तिनं आपल्या वस्त्या खाल्ल्या, आणि त्या गाळानं त्यांचे ओढे खाल्ले. पण चोर कुणाला म्हणायचं, याचा निवाडा ज्याच्या हातात पिंप आहे त्याच्यापासूनच का सुरू होतो?

तर मग मी कुठल्या बाजूला? मी रिफायनरीच्या बाजूला आहे. तेल काढणाऱ्या गरीब देशानं जन्मभर कच्चंच विकावं आणि हवा स्वच्छ राहिली म्हणून समाधान मानावं, हे सांगणारे बहुतेक स्वतः पक्कं वापरणारे असतात. पण 'देशाची रिफायनरी' हा शब्द मला आता गिळत नाही. देश म्हणजे त्यातला ओगोनी किती, कामगार किती, हे विचारल्याशिवाय मी त्या मानात टाळी वाजवणार नाही. तेराच्या जागी किती टक्के, विहिरीचं पाणी कधी साफ होणार, युनियनला गेटातून आत येऊ देणार का, ही यादी मानाच्या भाषणात नसते.

युनियन म्हणालो. २०२५ च्या सप्टेंबरात त्या रिफायनरीतून आठशेच्या वर नायजेरियन कामगारांना काढलं. तेल कामगारांची संघटना म्हणाली, ते युनियनचे सभासद झाले म्हणून काढलं, आणि भारतीयांना ठेवलं. कंपनी म्हणाली, तसं काही नाही, घातपात होत होता, कामाची फेररचना केली. देशभर संप झाला, सरकारनं मध्यस्थी केली, कामगारांना त्या मालकाच्या दुसऱ्या कंपन्यांत सामावायचं ठरलं.

ही बातमी मी भाच्याला वाचून दाखवली. तो तेव्हा गावातच होता. मोबाइल हातात घेऊन दोनदा वाचली. "म्हनजे ती पोरं बरोबर इचारत होती, मामा." मी म्हणालो, तुझा त्यात काय दोष? तू पोटासाठी गेलास. आपल्या गावात तुला कोण काम देणार होतं? आणि वेल्डर त्यांच्याकडं तयार झाले नाहीत, कारण चार रिफायनऱ्या गंजत ठेवल्या, तिथं हात कशावर बसणार? हे मी बोललो आणि ते खरंही आहे. पण स्वस्त, लांबून आणलेला, भाषा न येणारा, युनियनमध्ये न जाणारा मजूर मालकाला का लागतो, हेही आपल्याला माहीत आहे. गिरणीच्या संपात बाहेरून कामगार आणले की आपण त्यांना काय म्हणत होतो? तो शब्द मी त्याच्यापुढं उच्चारला नाही. त्याला तो ठाऊक होता.

गेल्या महिन्यात एजंटाचा पुन्हा फोन आला. तिकडंच, दुसऱ्या कामावर, पगार आधीपेक्षा जास्त. बहीण म्हणते जा, धाकटीचं लग्न आहे. त्यानं माझ्यासमोर स्पीकर चालू करून एजंटाला विचारलं, "तिथल्या युनियनचं मेंबर होता येतं का?"

एजंट म्हणाला, कसलं युनियन?

"वेल्डरचं. त्या काळ्या पोरायचं."

पलीकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एजंट म्हणाला, तुझा पासपोर्ट कधी संपतो ते बघून सांग, आणि फोन ठेवला. पासपोर्टला अजून चार वर्षं आहेत. तो त्यानं बहिणीच्या पेटीतून काढून आणला आणि आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.